चवथीला माळ्यावरून काढलेला टीव्ही गेम सुरू होत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

लक्षण: गेम जोडला, लाल दिवा पेटला, टीव्हीवर करडा नाहीतर हिरवट सपाट पडदा आला आणि पुढे काहीच नाही. कॅसेट काढली, फुंकली, परत लावली. एकदा चाललं, मारिओ दोन पावलं धावला आणि गोठला. परत फुंकली, परत करडा पडदा. गेल्या चवथीलाही (गणेश चतुर्थीला) असंच झालं होतं, तेव्हा कुणीतरी कॅसेट तिरकी धरून, वर आगपेटी ठेवून वेळ मारून नेली होती. यंदा आगपेटीलाही दाद देत नाही.

गोव्यात फोंड्याच्या आसपास जुने टीव्ही, रेडिओ आणि असली खेळणी दुरुस्त करत असल्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्याकडे हीच तक्रार येते. घेऊन येणारा बहुधा चाळिशीतला असतो. सोबत आठ-दहा वर्षांचा मुलगा किंवा भाची, जिला मूळ घरी सगळी भावंडं जमल्यावर बाबांचा, मामाचा गेम बघायचा असतो. आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, चिप गेली काय हो?"

चिप बहुतेक वेळा गेलेली नसते. तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या या यंत्रांत आतला मेंदू क्वचितच मरतो. बिघडतात ते जोड: पिना, स्प्रिंगा, प्लग, वायरची मान, अडॅप्टर. म्हणून तपास बाहेरून आत करायचा. स्क्रू ड्रायव्हर शेवटी, सोल्डरिंगची कांडी त्याच्याही नंतर.

आधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

आपण ज्याला नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचो तो बहुतेक वेळा निन्तेन्दो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल असतो. मूळ फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला. आपल्याकडे १९९०च्या दशकात घरोघरी पोचल्या त्या त्याच्या तैवानी-चिनी धर्तीच्या नकला, वेगवेगळ्या नावांच्या पण आतून सख्ख्या भावंडांसारख्या. यांच्या कॅसेटला ६० पिना असतात, तीस वर, तीस खाली. निन्तेन्दोने अमेरिका-युरोपात विकलेल्या एनईएस या यंत्राच्या कॅसेटला ७२ पिना असतात. तीत मशीन आणि कॅसेट एकमेकांची ओळख पटवून घेणारी चिपही असते. ओळख पटली नाही तर एनईएस दर सेकंदाला चालू-बंद होत राहतो. तुमचा दिवा लुकलुकत नसेल आणि पडदा नुसता सपाट असेल तर त्या विषयावरचे इंग्रजी व्हिडिओ बघत बसू नका. ते दुसऱ्याच यंत्राचं दुखणं आहे.

मारिओचा पहिला खेळ सगळा मिळून ४० किलोबाइटचा. मोबाइलने काढलेल्या एका फोटोत असे शंभरेक मारिओ सहज मावतील. एवढी छोटी गोष्ट कारखान्यातच चिपमध्ये कायमची कोरलेली असते, ती माळ्यावर पडून पुसली जात नाही. कॅसेटमधला गेम 'उडाला' असं कुणी म्हणालं तर एकदम विश्वास ठेवू नका.

फुंकणं बंद करा

फुंकल्यावर चालतं हे खरं आहे, पण ते फुंकरीमुळे चालत नाही. कॅसेट काढून परत बसवताना पिनेवर स्प्रिंग घासते, वरचा मळाचा थर एका जागी फाटतो आणि तेवढ्यापुरता संपर्क जुळतो. फुंकरीने मात्र श्वासातला दमटपणा तांब्यावर बसतो. निन्तेन्दोनेही आपल्या ग्राहकांना कॅसेटमध्ये फुंकू नका, ओलाव्याने पिना गंजतात, असंच बजावलं होतं. आपल्याकडे तर पावसाळ्यात हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास घुटमळते आणि किनाऱ्याकडच्या हवेत मीठ असतं. पिनेवर बसलेला मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून घेतो आणि त्याखालचं तांबं हिरवं पडायला लागतं. म्हणून मिरामार किंवा कोलव्याकडच्या घरातली कॅसेट आणि वाळपईकडची कॅसेट सारख्याच वयाच्या असल्या तरी पिना सारख्या दिसत नाहीत.

साफ करायला लागतं ते एवढंच: औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा आयसोप्रोपिल अल्कोहोल (जितका निर्जल तितका बरा, ९९ टक्क्यांचा मिळाला तर उत्तम), कानातले बड्स, एक पांढरा मऊ खोडरबर आणि न फुलणारं सुती फडकं.

बड अल्कोहोलमध्ये बुडवून पिनांच्या लांबीच्या दिशेने ओढायचा, आडवा घासायचा नाही. पहिला बड काळा निघतो. बड स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. त्याने भागलं नाही तर खोडरबर, हलक्या हाताने. शाई खोडायचा खरखरीत रबर वापरू नका, त्यात वाळूसारखा कण असतो आणि पिनेवरचा मुलामा मुळातच पातळ असतो. चांगल्या कॅसेटवर सोन्याचा मुलामा दिलेला असे. 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम एकात' असं छापलेल्या स्वस्त कॅसेटवर नुसती कथलाची झिलई. (त्या आकड्यातले खरे खेळ मोजकेच, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. एखाद्या नावाखाली मारिओ चौथ्या पातळीपासून सुरू व्हायचा, एवढाच फरक.) रबराचे कण झटकून शेवटी परत अल्कोहोलचा हात, मग पंख्याखाली दहा मिनिटं.

आता फेणीविषयी, कारण हा प्रश्न दरवर्षी निघतोच. काजूच्या फेणीत अल्कोहोल साधारण ४२-४३ टक्के, उरलेलं बहुतेक पाणी आणि तिला तो वास देणारी तेलकट द्रव्यं. म्हणजे पिनेवरून मळ थोडा निघेल आणि पाणी व तेल मागे राहील. हुर्राकाची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या सौम्य दारूची, तर गोष्टच नको. दोन्हींचा उपयोग दुरुस्ती झाल्यावर.

कॅसेट स्वच्छ झाली की मशीनची खाच. अर्धं काम इथे असतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. जुन्या एटीएम कार्डाला फडक्याचा एकच पदर गुंडाळून, अल्कोहोलने ओलसर करून, सरळ आत-बाहेर करायचं. कार्ड जाड होत असेल तर जोर लावू नका. आतल्या स्प्रिंगा एकदा चेपल्या की त्यांना परत उठवणं फार किचकट. आगपेटी किंवा दुमडलेला कागद घालून कॅसेट वाकडी बसवण्याचा उपाय याच कारणाने वाईट. एका बाजूच्या तीस स्प्रिंगा कायमच्या दबतात आणि मग सरळ कॅसेट चालेनाशी होते. गेल्या चवथीला आगपेटीवर चाललेलं मशीन यंदा बंद पडलं असेल तर बहुतेक हेच झालेलं असतं. त्यासाठी दिवा लावून, भिंगातून बघत, बारीक सुईने प्रत्येक स्प्रिंग केसभर वर उचलावी लागते. मशीन बंद, अडॅप्टर भिंतीतून काढलेला, आणि अंगात घाई नसलेला दिवस निवडा.

पडद्यावर काय दिसतंय ते नीट बघा

साफसफाईने पूर्ण काम झालं नाही तर पडदाच सांगतो की कुठली बाजू राहिली. या यंत्रात खेळ चालवणारी चिप वेगळी आणि चित्र काढणारी चिप वेगळी. कॅसेटमध्येही दोघींसाठी वेगवेगळी स्मृती आणि वेगवेगळ्या पिना असतात. (नकलेत या दोन्ही चिप बऱ्याचदा एकाच काळ्या थेंबाखाली असतात, पण वाटणी तीच.)

सपाट पडदा, आवाज नाही: खेळ चालवणारीला हुकूमच पोचत नाहीत. तिच्या बाजूची एक जरी पिन सुटली तरी सगळं ठप्प.

संगीत बरोबर वाजतंय, बटण दाबलं की उडीचा आवाजही येतोय, पण मारिओच्या जागी अक्षरांचे तुकडे, विटांच्या जागी आकडे, आकाशात कचरा: खेळ ठणठणीत आहे, चित्राच्या बाजूची पिन सुटलेली आहे. हे लक्षण बघून लोक फार घाबरतात, प्रत्यक्षात ही चांगली बातमी. पिनांवर दुसऱ्या अंगाने परत एकदा बड फिरवा, बहुधा जमतं.

चित्र उत्तम, आवाज गायब: मूळ फॅमिकॉममध्ये आवाज मशीनमधून कॅसेटमध्ये जातो आणि कॅसेटमधून परत येतो, त्यासाठी शेजारशेजारच्या दोन पिना राखलेल्या आहेत. त्या दोनच मळल्या तर गेम मुका होतो. टीव्हीचा आवाज वाढवत बसण्याआधी दुसरी कॅसेट लावून बघा.

यादी येते, पण गेम निवडला की पडदा गोठतो: यादीवाल्या कॅसेटमध्ये गेम बदलणारी एक छोटी जुळणी असते. रीसेट दाबून दुसरा गेम निवडा. एकच गेम गोठत असेल तर तो सोडून द्या. सगळेच गोठत असतील तर परत पिना.

संध्याकाळी बंद, पहाटे चालू

ही तक्रार खास चवथीची. दुपारी गेम व्यवस्थित चालतो. दिवेलागणीला माटोळीभोवतीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीभोवतीच्या) माळा पेटतात, वाड्यावरच्या प्रत्येक घरात पंखे, मिक्सर, पंप सुरू होतात, आणि गेम आपोआप रीसेट होऊ लागतो. पडद्यावर आडव्या काळसर पट्ट्या खालून वर सरकतात, आवाजात घुमका येतो. रात्री सगळे झोपले की परत ठीक. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं की मशीन तापलं, त्याला झोपू दे. मोठ्यांना टीव्ही हवा असायचा, हेही त्यामागे असेल.

खरं कारण अडॅप्टरमध्ये आहे. जुना जड अडॅप्टर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर. भिंतीतला विजेचा दाब घसरला की त्याच्यातून निघणाराही त्याच प्रमाणात घसरतो. २३० व्होल्टला ९ व्होल्ट देणारा अडॅप्टर १६० व्होल्टला सव्वासहाच्या आसपास येतो. मशीनमध्ये ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो आत आलेल्याचे नेमके ५ व्होल्ट करतो, पण त्यासाठी त्याला वर दोनेक व्होल्टची मोकळीक लागते. सात व्होल्टच्या खाली तो हात टेकतो. वर तो कपॅसिटर तीस वर्षांत सुकलेला, त्यामुळे दाब स्थिर न राहता हेलकावे खातो. पडद्यावर सरकणाऱ्या पट्ट्या त्या हेलकाव्यांच्या.

उपाय स्वस्त आहे: १०० ते २४० व्होल्टवर चालणारा नवा ९ व्होल्ट, १ अँपिअरचा हलका अडॅप्टर. दाब घसरला तरी तो ९ च देतो. जुनाच अडॅप्टर जपायचा असेल तर त्यातला कपॅसिटर बदला, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरला काहीच जोडलेलं नसताना मीटर बारा-तेरा दाखवतो, ते बिघडलेलं नव्हे. मशीन जोडून, चालू असताना मोजा. आणि ७८०५ च्या तिसऱ्या पायावर ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये काही मिळालं तर वीजपुरवठ्याचा विषय तिथेच मिटवा.

नवा अडॅप्टर घेताना ध्रुवता मात्र डोळे उघडे ठेवून बघा. मशीनच्या पाठीवर किंवा खाली एक छोटी आकृती असते: मधला ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, एकाला अधिक, दुसऱ्याला उणे. मूळ फॅमिकॉमला आत उणे लागतं. नकलांमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. बऱ्याच नकलांत उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोडच नसतो, मग रेग्युलेटर जातो आणि कधी त्याच्या मागे बाकीचंही. आकृती पुसली गेली असेल तर मशीन उघडून प्लगच्या खोबणीची कोणती पट्टी बोर्डाच्या रुंद तांब्याला, म्हणजे ग्राउंडला जाते ते मीटरने बघायचं. अंदाजाने जोडायचं नाही.

तारवटी काकांनी आणलेला गेम

गोव्यात एक वेगळंच प्रकरण आहे, जे पुण्या-नाशिकच्या दुरुस्तीवाल्यांना फारसं भेटत नसावं. घरातलं कुणीतरी तारवटी म्हणून शिपवर असायचं किंवा कुवेत, बहरीनला असायचं. त्यांनी सुटीवर येताना आणलेलं यंत्र आपल्या बाजारातल्या यंत्रासारखं नसतं. जपानच्या बंदरात घेतलेला अस्सल फॅमिकॉम, लाल-पांढरा, दोन्ही रिमोट मागच्या बाजूने कायमचे जोडलेले, अशा घरांतून अजून निघतो. तो 'कधीच चालला नाही' असं घरचे सांगतात आणि ते खरंही असतं, कारण तीन अडथळे एकावर एक बसलेले असतात.

पहिला, त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा. आपल्या २३० वर लावला की जळतो, आणि बऱ्याचदा पहिल्याच दिवशी जळलेला असतो. मशीनला त्याची झळ लागली असेलच असं नाही, म्हणून योग्य ध्रुवतेचा नवा अडॅप्टर लावून बघायचं.

दुसरा, त्याचं चित्र जपानच्या एक आणि दोन क्रमांकाच्या चॅनेलवर येतं, ९१ ते ९७ मेगाहर्ट्झच्या आसपास. आपल्याकडे त्या जागी टीव्हीचं चॅनेलच नाही, तिथे एफएम रेडिओ आहे. खटखट फिरणाऱ्या बटणाच्या टीव्हीवर काकांनी रात्रभर चॅनेल शोधलं असेल तरी सापडणार नव्हतं.

तिसरा, रंगाची पद्धत एनटीएससी, आपल्या टीव्हीची पाल (पीएएल). जुगाड करून चित्र आणलं तरी जुन्या टीव्हीवर ते काळंपांढरंच दिसायचं. आजचे बहुतेक सपाट टीव्ही दोन्ही पद्धती ओळखतात. म्हणून यावर मार्ग असा की मशीनमधून व्हिडिओची तार थेट बाहेर काढून टीव्हीच्या पिवळ्या खोबणीत द्यायची. त्याला एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टर लागतात, अर्ध्या तासाचं काम.

कुवेतहून आलेले 'सख्र' नावाचे एमएसएक्स प्रकारचे जुने घरगुती संगणक हाही याच घराण्यातला प्रकार. कळांवर अरबी अक्षरं बघून घरच्यांनी 'हे आपल्याला कळायचं नाही' म्हणून गुंडाळून ठेवलेले असतात. त्यावर इंग्रजीही उत्तम चालतं.

आपल्याकडच्या नेहमीच्या नकलांना एवढा त्रास नाही. पिवळी-पांढरी खोबण असेल तर तीच वापरा. नसेल तर टीव्हीच्या अँटेनाच्या खोबणीत तार घालून व्हीएचएफच्या सुरुवातीच्या पट्ट्यात हाताने, सावकाश चॅनेल शोधा. आपोआप शोधणारा टीव्ही हा अशक्त सिग्नल ओलांडून पुढे जातो.

बंदूक चालत नाही

टीव्ही गेमची बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर चालणारच नाही, दुरुस्तीला आणू नका. घोडा ओढला की गेम एक क्षण पूर्ण पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतल्या डोळ्याला आधी काळं आणि नेमक्या पुढच्या क्षणी पांढरं दिसलं तर बदक पडतं. हे गणित जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेगावर बसवलेलं आहे. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्याच्यावर प्रक्रिया करतो आणि तेवढ्यात तो क्षण निघून जातो. बल्बकडे नेम धरला की हमखास बदक पडतं, ही आमच्या वर्गातल्या एकाची थाप होती. काळ्या पडद्याची अट असली लबाडी टाळण्यासाठीच आहे. बंदूक खेळायची असेल तर भंगारवाल्याकडे गेलेला टीव्ही परत आणावा लागेल.

रिमोट

रिमोटमध्ये आठ बटणं आणि मशीनकडे जाणाऱ्या तारा पाचच. आतली छोटी चिप आठही बटणांची हजेरी एकाच तारेवरून एकामागून एक सांगते. त्यामुळे निदान सोपं: सगळीच बटणं मेली असतील तर तार तुटलेली, बहुधा रिमोटच्या अगदी मानेशी, जिथे सगळे ती गुंडाळतात. एखादंच बटण मेलं असेल तर त्याच्याखालचा काळा रबरी ठिपका आणि बोर्डावरची काळी नक्षी, दोन्ही अल्कोहोलने पुसा. नक्षी खरवडू नका.

तपासणीसाठी कॉन्ट्रा या गेममधली तीस जिवांची किल्ली मला सगळ्यात सोयीची वाटते: नावाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि मग स्टार्ट. चारही दिशा आणि दोन्ही बटणं एका दमात तपासून होतात. तीस जीव मिळाले तर रिमोट पास. ही किल्ली मुळात कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ग्रेडियस या गेमसाठी, स्वतःला चाचणी करणं सोपं जावं म्हणून घातली होती. म्हणजे आपण ती मूळ कामालाच परत लावतोय. भावंडांत मात्र ती ज्याला पाठ, त्याच्याकडे पहिला रिमोट, असा नियम होता आणि तो कुणी लिहून घेऊ द्यायचा नाही.

कॅसेटवरून चालणारे संगणक

टीव्ही गेमच्या आधीची पिढी म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक. इंग्लंडात १९८२ मध्ये आला. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने १९८६ पासून 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने परवान्यावर विकला. गोव्यात तो कमी घरांत होता, पण ज्यांच्याकडे होता ते त्याच्यापासून अजून सुटलेले नाहीत. खेळ साध्या गाण्याच्या कॅसेटवर, टेपरेकॉर्डरवरून चढवायचा. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे, चार-पाच मिनिटं तो किर्र आवाज, आणि शेवटच्या क्षणी 'आर टेप लोडिंग एरर'. स्वयंपाकघरातून कुणी मिक्सर लावला की हमखास.

सर्वांत आधी अडॅप्टर. स्पेक्ट्रमला आत उणे, बाहेर अधिक लागतं. टीव्ही गेमचा उलट्या ध्रुवतेचा अडॅप्टर बसतो म्हणून लावला तर आतला एक ट्रान्झिस्टर आणि पाठोपाठ खालच्या १६ किलोबाइटच्या स्मृतीच्या चिप जातात, ज्यांना एकाच वेळी १२, ५ आणि उणे ५ असे तीन दाब लागतात. चालू केल्यावर सिंक्लेअरची १९८२ची ओळ न येता नुसते उभे पट्टे किंवा ठिपके आले तर संशय तिथेच.

ओळ येते पण खेळ चढत नाही, तर दोष टेपरेकॉर्डरकडे. हेड अल्कोहोलने पुसा. आतला रबरी पट्टा सैल झाला असेल तर वेग हलतो, तो बदला. मग हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने त्याचा तिरपेपणा जुळवायचा: कॅसेट लावून, कानाने ऐकत, आवाज सर्वांत धारदार होईल तिथे थांबायचं. आवाज पाऊण, ट्रेबल पूर्ण, आणि खेळ चढवताना फक्त इअरची तार जोडलेली ठेवायची, माइकची काढून.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसत असेल तर ती बुरशी. अशी कॅसेट लावू नका, ती हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी सिलिका जेलच्या डब्यात आठवडाभर सुकवा, मग उघडून हाताने फिरवत कोरड्या मऊ फडक्यातून ओढा, आणि एकदाच वाजवून संगणकावर आवाजाच्या फाइलमध्ये उतरवून घ्या. त्यानंतर मोबाइलच्या हेडफोनच्या खोबणीतून स्पेक्ट्रमला तो आवाज दिला तरी खेळ चढतो. इक्वलायझर बंद, आवाज पूर्ण, आणि मोबाइल विमान मोडवर, नाहीतर अर्ध्या वाटेवर कुणाचा तरी संदेश येतो आणि टिंग वाजते.

शाळांसाठीच्या बीबीसी मायक्रो या संगणकाबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' या संगणक-साक्षरता प्रकल्पातून ही यंत्रं देशातल्या निवडक शाळांना दिली गेली होती. भंगारातून एखादं हाती लागलं तर भिंतीला लावण्याआधी त्याच्या वीजपुरवठ्यातले पारदर्शक पिवळसर आवरणाचे कपॅसिटर जाणत्याकडून बदलून घ्या. त्या आवरणाला तडे जातात, दमट हवा आत शिरते, आणि चालू केल्यावर ते घरभर धूर करतात.

३८६, ४८६ आणि फ्लॉपी

डेव्ह, डिगर आणि प्रिन्स हे खेळ ज्यावर खेळलात तो ३८६ किंवा ४८६ संगणक अजून असेल तर आज संध्याकाळीच उघडा. बोर्डावर निळ्या किंवा हिरव्या आवरणाची, छोट्या पिंपासारखी ३.६ व्होल्टची बॅटरी सोल्डर केलेली असेल तर ती कापून काढा, संगणक चालत असला तरी. ती गळते आणि भोवतालचे तांब्याचे मार्ग खाते. गळलेली असेल तर हिरव्या डागांवर बडाने थोडा व्हिनेगर, मग स्वच्छ पाणी, मग अल्कोहोल, आणि दोन दिवस वाळवणं. बोर्ड त्या जागेला चार्जिंगचा प्रवाह देतो, म्हणून तिथे साधे सेल थेट जोडू नका, मध्ये डायोड हवा. बॅटरी काढण्याआधी हार्ड डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे कागदावर उतरवून घ्या. ते सेटअपमध्ये परत भरावे लागतात, नाहीतर संगणक म्हणतो डिस्कच नाही.

फ्लॉपीची झडप सरकवून चकतीवर पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. कारण वर कॅसेटला सांगितलं तेच.

पुढच्या चवथीपर्यंत कसं ठेवायचं

माळा ही सर्वांत वाईट जागा: कौलांखाली मे महिन्यात भाजतं आणि जूननंतर ओल. जमिनीलगतचं कपाटही नको. माणसं राहतात त्या खोलीतलं, छातीच्या उंचीचं कपाट बरं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो आणि ती पिनांना देतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात रंग बदलणारं सिलिका जेल, मूठभर नव्हे, चांगलं पाव किलो. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून परत घाला.

डबा बंद कधी करायचा हे डब्याइतकंच महत्त्वाचं. चवथ उरकल्या उरकल्या, सप्टेंबरच्या दमट दुपारी झाकण लावलं तर ओली हवाच आत कोंडली. शिमग्याच्या सुमाराला, हवा कोरडी असताना भरा. तोवर मशीन बाहेर राहू दे, पंधरा दिवसांनी एकदा तासभर चालवा. मशीन चालताना कोमट होतं, आतली ओल निघून जाते, आणि खेळायला कारण मिळतं. भावंडांपैकी कुणी विचारलं तर देखभाल चालू आहे म्हणून सांगा.

आणि डब्यात अडॅप्टर ठेवताना त्याच्यावर चिकटपट्टी लावून ठळक लिहा: कुठल्या मशीनचा, किती व्होल्ट, आत अधिक की उणे.